गाव की नगर? बालाघाटच्या माथ्यावरील पाटोदा आणि त्याच्यासारखी तालुक्याची गावे

माथ्यावरचा

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून लिंबागणेशमार्गे पाटोद्याकडे निघाले की काळी जमीन मागे राहते आणि मुरमाड माळ सुरू होतो. दोन्ही बाजूंना पवनचक्क्या, मधूनमधून सीताफळाची झुडपे आणि उथळ, हलक्या जमिनीतली बाजरी-तूर. बालाघाटचा हा माथा आहे. गेवराई-माजलगावच्या गंगथडीत, म्हणजे गोदावरीकाठच्या पट्ट्यात, नांगराचा फाळ जिथे काळ्या मातीत सहज रुततो, तिथे आमच्याकडे तो वीतभर गेला की मुरमावर खरखरतो. मी भूगोल शिकवण्यात आयुष्य घालवले आहे आणि सध्या याच माथ्यावरील एका तालुक्याच्या गावी राहतो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही; पुढे त्याविषयी थोडी तक्रार करायची आहे.

पाटोदा तालुक्याची एक गोष्ट वर्गात सांगितली की मुले नेहमी नकाशा मागत. मांजरा याच तालुक्यात उगम पावते, सिंदफणाही याच तालुक्यात उगम पावते, आणि सौताड्याच्या कड्यावरून कोसळणारी विंचरणाही इथलीच. मांजरा पूर्वेकडे आणि मग आग्नेयेकडे जात ७२४ किलोमीटरचा प्रवास करून तेलंगणात कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. सिंदफणा उत्तरेकडे उतरते, शिरूर कासारवरून जाते आणि मंजरथजवळ बीड जिल्ह्यातच गोदावरीला भेटते. विंचरणा मात्र जामखेडच्या बाजूला उतरून सीनेच्या, म्हणजे भीमेच्या खोऱ्यात जाते. एका तालुक्याच्या माळावर पडलेला पाऊस काही गोदावरीत आणि काही भीमेमार्गे कृष्णेत जातो.

ऐकायला हे भाग्याचे वाटते, परंतु उगमाचा अर्थ असा की आपल्या वरच्या बाजूला पाणलोटच नाही. पाटोदा मांजरेच्या काठी आहे खरे, पण ती इथे अजून ओढ्याएवढी असते. तिची नदी होते ती खाली गेल्यावर. केज तालुक्यात धनेगावला धरण बांधले तेव्हा तिच्या पाण्याला हिशेब आला, आणि तो हिशेब केज, कळंब, अंबाजोगाई व लातूर यांच्या नळांचा आहे. तेच धरण कोरडे पडले म्हणून २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांना आठवत असेल. त्याच उन्हाळ्यात माथ्यावरच्या गावांत टँकरच्या खेपा मोजत बसलेली माणसे कोणाला फारशी दिसली नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. बीड जिल्ह्यात बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई आणि धारूर या सहा नगरपरिषदा आहेत. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी आणि केज ही उरलेली पाच तालुक्याची गावे २०११ च्या जनगणनेच्या वेळी ग्रामपंचायतीच होती. पुढे त्यांच्या नगरपंचायती झाल्या आणि २०१५ च्या अखेरीस पहिल्या निवडणुका झाल्या. त्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ भरली आणि नागरी वाटा जेमतेम पाचवा हिस्सा होता. यानंतरच्या मोजणीत हा वाटा काहीसा वाढलेला दिसेल. त्यातील किती वाढ माणसे शहरात गेल्यामुळे असेल आणि किती वाढ कागदावरचे गाव ‘नगर’ झाल्यामुळे असेल, हा माझा प्रश्न आहे. मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांतही जळकोट, देवणी, सोयगाव, जाफराबाद, सेनगाव, वाशी, लोहारा अशी उदाहरणे आहेत. आपापल्या गावाचा अनुभव लिहावा.

---

तेरणाकाठ

धागाकर्त्यांनी नगर झालेल्या गावांविषयी लिहिले आहे. मी उलट उदाहरण देतो. धाराशिव तालुक्यातील तेर आजही ग्रामपंचायत आहे.

पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी वर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगर या मोठ्या नगराचा उल्लेख येतो. तिथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरापर्यंत जात असे. तगर म्हणजे तेर ही ओळख फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडली. त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर मुळात गजपृष्ठाकार, म्हणजे मागून हत्तीच्या पाठीसारखे गोलसर, बौद्ध चैत्य होते, हे त्याच्या पाठीकडून पाहिले की शिकवावे लागत नाही. नदीकाठच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, पावसाळ्यानंतर मणी, खापरे आणि मातीच्या मूर्तींचे तुकडे उघडे पडत असत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी ते वर्षानुवर्षे गोळा केले आणि त्यातूनच आजचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून वारकरी येतात ते वेगळेच.

एवढे असून तेर ‘नगर’ नाही, कारण ते तालुक्याचे ठिकाण नाही. रोमशी व्यापार करणाऱ्या गावाला सतरा सदस्यांची ग्रामपंचायत आहे, आणि तहसील कचेरी मिळाल्यामुळे ज्याला आकार आला त्या गावाला नगरपंचायत आहे. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. आमच्याकडे नगरपंचायतीची चर्चा निघाली की बाजारपेठेतील लोक होकार देतात आणि मळ्यातील लोक नकार देतात, आणि दोघांचीही कारणे मला पटतात.

---

जुना दप्तरी

मी पंचायत विभागातून निवृत्त झालो आहे. चर्चा भावनेवर जाण्यापूर्वी कायद्याची चौकट मांडतो.

ग्रामपंचायतीचा अधिनियम १९५८ चा आहे आणि नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी यांचा १९६५ चा. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने ‘ग्रामीणकडून नागरीकडे संक्रमण होत असलेले क्षेत्र’ ही कल्पना आणली आणि अशा क्षेत्रासाठी नगरपंचायत सांगितली. आपल्या राज्यात त्यासाठी दहा हजार ते पंचवीस हजार लोकसंख्या आणि शेतीबाहेरच्या रोजगाराचे प्रमाण असे निकष होते. पंचवीस हजारांच्या पुढे नगरपरिषद येते. तिचे ‘क’ वर्ग चाळीस हजारांपर्यंत, ‘ब’ वर्ग एक लाखापर्यंत आणि त्यावर ‘अ’ वर्ग असे तीन वर्ग आहेत. २०१४ च्या सुमारास शासनाने तालुक्याच्या मुख्यालयाच्या ग्रामपंचायतींना सरसकट नगरपंचायत करण्याचे धोरण घेतले, आणि तेव्हापासून संक्रमण मोजण्याची गरज उरली नाही. तहसीलचा फलक पुरेसा झाला. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

जनगणनेची व्याख्या याहून वेगळी आहे, हेही ध्यानात घ्यावे. नगरपालिका नसतानाही एखादे गाव जनगणनेत ‘नगर’ ठरू शकते. त्यासाठी किमान पाच हजार लोकवस्ती, चौरस किलोमीटरला किमान चारशेची घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पंचाहत्तर टक्के शेतीबाहेर, अशा तिन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. उलट ज्या गावात नगरपंचायत आहे ते या अटी न तपासताच नागरी गणले जाते. आमच्या माथ्यावरील किती नगरपंचायती पंचाहत्तर टक्क्यांच्या अटीत बसतील, याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या गल्लीतून बाहेर पडून करावा.

सदस्यसंख्येचा हिशेब रंजक आहे. ग्रामपंचायतीत दीड हजार लोकसंख्येपर्यंत सात सदस्य, तीन हजारांपर्यंत नऊ, साडेचार हजारांपर्यंत अकरा, सहा हजारांपर्यंत तेरा, साडेसात हजारांपर्यंत पंधरा आणि त्यापुढे कितीही माणसे असली तरी सतरा. नगरपंचायतीतही सतराच. म्हणजे मोठ्या गावाच्या दृष्टीने डोकी तेवढीच राहतात, बदलते ती त्यांची वाटणी. ग्रामपंचायतीत एका प्रभागातून दोन-तीन सदस्य निवडून येतात, नगरपंचायतीत एका प्रभागातून एकच. बारा हजारांचे गाव धरले तर प्रभागाला सरासरी सातशे माणसे येतात, आणि त्यातून मतदार वेगळे काढले की निवडणूक एका भावकीवर येऊन ठेपते. शिवाय नगरपंचायतीतील मतदाराचा जिल्हा परिषदेशी आणि पंचायत समितीशी मताचा संबंध तुटतो.

राहिली ग्रामसभा. वर्षातून ठरावीक वेळा ती बोलवावीच लागते आणि मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. अनेकदा ती वहीवरच पूर्ण होते, हे मी नोकरीत पाहिले आहे. तरीही एखाद्या आजीने उभे राहून ‘माझ्या दारातली मोरी कधी बुजवणार’ असे सरपंचाला विचारण्याची ती एकमेव जागा होती. नागरी कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, मात्र ती भरलेली मी तरी पाहिलेली नाही.

---

चुंभळ

दप्तरी साहेबांनी चौकट सांगितली, मी तिच्या आतले सांगते.

माझ्या दिराचे नाव ग्रामीण घरकुलाच्या यादीत होते. पत्र्याचे घर, एक भिंत मातीची, अशी पाहणीही होऊन गेली होती. गावाची नगरपंचायत झाली आणि यादी निरुपयोगी ठरली, कारण ती योजना ग्रामीण भागाची. आता शहरी योजनेत अर्ज करा, असे सांगण्यात आले. तिथे जागेच्या मालकीचा पुरावा मागितला. आमच्याकडे ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा होता, ज्यावर माझ्या आजेसासऱ्यांचे नाव आहे. नमुना आठ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे, हे आम्हाला तेव्हा प्रथम कळले. सिटी सर्व्हेचा उतारा आणा म्हणाले, तर जुन्या गावठाणाचा सिटी सर्व्हे झालेलाच नव्हता. शेजारच्या ग्रामपंचायतीच्या गावांत पुढे स्वामित्व योजनेत ड्रोन फिरला आणि लोकांना मालमत्ता पत्रके मिळू लागली. आमच्यावरून तो पलीकडे गेला, कारण ती योजनाही गावांसाठीच. दिराने शेवटी उसनवारी करून दोन खोल्या बांधल्या.

दुसरे म्हणजे रोजगार हमी. केंद्राच्या २००५ च्या कायद्याची कामे ग्रामीण क्षेत्रापुरती होती, त्यामुळे आमच्या शिवारातल्या शेतकऱ्याला त्यातून सिंचन विहीर मिळाली नाही आणि मजुराला मागणी अर्ज करता आला नाही. बांधाच्या पलीकडची वाडी वेगळ्या ग्रामपंचायतीत आहे, तिथे विहिरी झाल्या. आमच्या किराणा दुकानाच्या कराच्या पावतीवर मात्र ‘रोजगार हमी कर’ असा स्वतंत्र रकाना आहे. ती पावती मी जपून ठेवली आहे.

पाणी पूर्वी आठ दिवसांनी येत होते, आताही आठ दिवसांनी येते. बिलावर नाव तेवढे बदलले.

---

पेठेतला

चुंभळ ताई, आपला अनुभव खरा आहे, पण एकच बाजू जाऊ नये म्हणून लिहितो. ग्रामपंचायतीच्या काळात आमच्या बाजारपेठेतून पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन चालावे लागत असे. नगरपंचायत झाल्यावर नगरोत्थान आणि वैशिष्ट्यपूर्ण कामांच्या निधीतून सिमेंटचे रस्ते, नाल्या आणि दिवे झाले. घंटागाडी येते. पूर्वी एक ग्रामविकास अधिकारी, दोन लिपिक आणि चार शिपाई यांच्यावर वीस हजारांचा आठवडी बाजार पेलत नव्हता. आता मुख्याधिकारी आहे, अभियंता आहे, निदान पदे तरी आहेत. रिक्त किती आहेत तो भाग निराळा.

---

जुना दप्तरी

पेठेतल्या भावांचे म्हणणे योग्य आहे. एक पुरवणी जोडतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातील ऐंशी टक्के वाटा राज्याने थेट ग्रामपंचायतींना दिला, आणि त्यात बंधित साठ टक्के पाणी व स्वच्छतेसाठी, अबंधित चाळीस टक्के गावाच्या आराखड्याप्रमाणे अशी विभागणी होती. म्हणजे ग्रामपंचायतीकडे पैसा अगदीच नव्हता असे नाही. पण तो लहान लहान तुकड्यांत येतो आणि त्यातून बाजारपेठेचा रस्ता होत नाही. नगरपंचायतीकडे मोठे तुकडे येतात, तेही मंत्रालयापर्यंत पाठपुरावा करणारा कोणी असेल तर.

आणखी एक. नगरपंचायत झाली की सुरुवातीला प्रशासक म्हणून बहुधा तहसीलदारच येतात आणि जुन्या ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांचे समावेशन वर्षानुवर्षे रेंगाळते. वसुली, नळ, स्मशानभूमी, सारे ज्याच्या तोंडपाठ असते तो शिपाईच ‘आपण कुठल्या आस्थापनेवर’ याची वाट पाहत बसतो. गावाची खरी नोंदवही तो असतो.

---

दार बंद

मी प्राथमिक शिक्षक आहे आणि २०११ ला प्रगणक होतो. धागाकर्त्यांनी ‘कागदावरचे नगर’ म्हटले, मला ‘कागदावरची माणसे’ याविषयी लिहायचे आहे.

आमच्या पट्ट्यातून, म्हणजे पाटोदा, शिरूर, आष्टी, वडवणी, धारूर या तालुक्यांतून, दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि पैशांचा हिशेब कोयत्याला असतो, माणसाला नाही. लहान लेकरे गाडीत, मोठी मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर आणि सीमेपलीकडे बेळगावपर्यंत ही माणसे कारखान्यांच्या फडांवर कोप्या घालून राहतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, साधारण मार्च-एप्रिलमध्ये परततात.

आता जनगणनेचे वेळापत्रक पाहा. २०११ ची प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. नियम असा होता की नेहमीचा रहिवासी या वीस दिवसांत एकदाही घरी नसेल तर त्याला तिथे मोजायचे नाही, तो जिथे असेल तिथे मोजला जाईल. नियम शास्त्रशुद्ध आहे, त्यामुळे दुबार मोजणी टळते. पण आमच्यासाठी फेब्रुवारी म्हणजे हंगामाचा भर. घरयादी २०१० च्या उन्हाळ्यात झाली तेव्हा मी ज्या घराच्या चौकटीवर गेरूने क्रमांक टाकला होता, त्या घराला फेब्रुवारीत कुलूप होते. एका तांड्यावर मी ओळीने गेलो. कुलूप, कुलूप, मग एक म्हातारी ओट्यावर बसलेली, पुन्हा कुलूप. म्हातारीने मला सहा नावे सांगितली आणि सगळी लिहून घे म्हणाली. मी दोनच लिहू शकलो, ती आणि तिचा नातू. ‘बाकीचे काय मेलेत का’ असे तिने विचारले, त्याला माझ्या पुस्तिकेत उत्तर नव्हते.

ही माणसे देशाच्या बेरजेतून गळली असे मी म्हणत नाही. प्रगणक फडावर पोहोचला असेल तर ती तिथे मोजली गेली, परंतु ती दुसऱ्या जिल्ह्याच्या, कधी दुसऱ्या राज्याच्या खात्यावर जमा झाली. आणि दप्तरी साहेबांनी वर सदस्यसंख्येचे जे टप्पे दिले ते याच आकड्यावर चालतात. वाडीची लोकसंख्या दीड हजाराच्या अलीकडे राहिली की सदस्य सात. प्रभागांची रचना, अनुसूचित जातींच्या जागा, वित्त आयोगाच्या पैशाचा हिस्सा, सारे त्याच आकड्यावर. बाजारपेठ फेब्रुवारीतही घरीच असते, तांडा आणि दलित वस्ती नसते. त्यामुळे तूट सगळ्या गल्ल्यांत सारखी पडत नाही.

एक उदाहरण अगदी जवळचे. शासनाने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांचे सर्वेक्षण करून ग्रामसेवकामार्फत ओळखपत्र देण्याचे ठरवले. आमच्या नगरपंचायतीच्या हद्दीतील एका वस्तीवरचे जोडपे माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आले. शहरात ग्रामसेवक नसतो. ते एका कार्यालयातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पहिल्यात गेले, तोवर टोळीची गाडी भरली आणि ते निघून गेले.

---

तेरणाकाठ

वरील प्रतिसाद वाचून एक सुचवावेसे वाटते. २०२७ च्या जनगणनेचीही संदर्भ तारीख १ मार्च आणि मोजणी फेब्रुवारीतच आहे. ग्रामपंचायतींनी किमान आपल्या गावातून हंगामात किती कोयते कोणत्या कारखान्याला गेले, याची यादी ठरावासह ठेवावी. जनगणनेचा आकडा तिने बदलणार नाही, पण पुढे निधीचा किंवा घरकुलाचा विषय निघेल तेव्हा हातात काही असेल. ग्रामपंचायत असण्याचा हा एक फायदा म्हणा, ठराव करायला सभा तरी आहे.

---

माथ्यावरचा

सर्वांचे आभार. ‘दार बंद’ यांच्या प्रतिसादाने माझ्या मूळ प्रश्नाची मांडणीच बदलली. मी नागरी वाटा फुगेल असे म्हणत होतो, परंतु तो दोन्ही बाजूंनी हलतो आहे. गावे कागदावर नगरात गेली म्हणून तो वाढेल. ग्रामीण माथ्यावरची माणसे फेब्रुवारीत जिल्ह्याबाहेर असल्यामुळे छेद, म्हणजे जिल्ह्याची एकूण लोकसंख्या, लहान होईल आणि म्हणूनही तो वाढेल. नगरपंचायतीच्या हद्दीतील वस्त्यांवरून जाणारी माणसे मात्र तो थोडा खाली ओढतील. यातील कोणता परिणाम किती, हे एकट्या अंतिम आकड्यावरून ओळखता येणार नाही, घरयादीतील घरे आणि मोजणीतील कुटुंबे वस्तीनिहाय शेजारी ठेवावी लागतील.

आणखी एक योगायोग ध्यानात आला. आमच्या नगरपंचायतींच्या मागील निवडणुका डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत झाल्या होत्या. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात गेल्यामुळे त्या जागा सर्वसाधारण करून नंतर मतदान घ्यावे लागले. त्या सभागृहांची मुदत २०२७ च्या सुरुवातीला संपते, म्हणजे ज्या महिन्यांत प्रगणक दारोदार फिरत असतील त्याच सुमारास. नवी मोजणी तेव्हा प्रसिद्ध झालेली नसेल, त्यामुळे प्रभाग पुन्हा २०११ च्याच आकड्यांवर पाडले जातील. सोळा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत ज्यांच्या दाराला कुलूप होते ते या रचनेतही नसतील, आणि त्यांच्यापैकी अनेकांना आता मतदान करणारी मुले आहेत.

चुंभळ ताई, जमल्यास ती पावती नाव झाकून इथे लावावी. सिटी सर्व्हेसाठी गावातून एकत्रित अर्ज करता येतो का, हे मी सोमवारी भूमी अभिलेख कार्यालयात विचारून याच धाग्यावर लिहीन.